दोनशेवं वजन

जेसीबी दुपारी तीनला येणार होता, आणि भिंतीतल्या देवाला हात लावायला एकही माणूस तयार नव्हता.

"आजी, तुमीच या आता," समीर फोनवर म्हणाला. "पत्रे निघाले, छपराच्या लोखंडी कैच्या निघाल्या. एक भिंत तेवढी राह्यलीय, अन् तिच्या कोनाड्यात तुमचं ते हाय. ड्रायव्हर म्हणतो, देव हलवल्याबिगर म्या मशीन लावत न्हाय."

समीर म्हणजे खाजाभाईचा नातू. परंड्यात त्याचं भंगाराचं दुकान आहे. खाजाभाई आमच्या ओतशाळेची भट्टी सांभाळायचा, आणि मी कोण होते ते ओघानं येईलच. आत्ता मी ऐंशी ओलांडलेली, दोन्ही गुडघ्यांनी राजीनामा दिलेली बाई आहे. पण आम्हा म्हाताऱ्यांना एसटी फुकट, त्यामुळं मी कुठंही जाऊ शकते. उतरायचं कुठं ते आठवलं म्हणजे झालं. बार्शीहून निघाले तेव्हा सून म्हणाली, "आई, एवढ्या उन्हात कशाला? देव हाय तो, त्याचं तो बघंल."

"अगं, त्याला देव आम्ही केलाय," मी म्हटलं. "एकट्याला जमायचं नाही त्याला."

पोहोचले तेव्हा दीड वाजला होता. कुर्डुवाडीच्या रस्त्याला, वेशीबाहेर, जिथं आमची ओतशाळा होती तिथं आता नुसतं आभाळ होतं, आणि त्या आभाळाखाली एक भिंत. मी वाकून मूठभर काळी माती उचलली आणि नाकाला लावली. तुम्हाला खोटं वाटेल, तसं माझं बोलणं ऐकून सगळ्यांनाच वाटतं, पण त्या मातीला अजून करपलेल्या गुळाचा वास होता. साच्याची वाळू घट्ट बसावी म्हणून आम्ही तिच्यात काकवी कालवायचो. वर बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, लालभडक रस पडला की आतली काकवी जळायची, आणि अख्ख्या परंड्यावर करपलेल्या पुरणाचा वास पसरायचा. बायका आपापल्या चुलीकडं धावत सुटायच्या. असं म्हणतात की एकदा किल्ल्यावरची माकडं त्या वासानं खाली उतरली आणि आमच्या दारात पंगत धरून बसली. म्हणतात म्हणजे, मीच म्हणते.

त्या वेळी देश नवा होता. नवा म्हणजे कोरा. घडीसुद्धा मोडली नव्हती. आमच्या गावानं तर बसल्या जागी राज्यं बदललेली पाहिली. निजामाचं गेलं, हैदराबादचं आलं, मग मुंबईचं, मग महाराष्ट्राचं. आमची आत्या म्हणायची, "म्या पालाबाहेर जवारी निवडत बसले, अन् चार राज्यं समोरून गेली. एकानंबी राम राम केला न्हाय." आणि अशातच हुकूम निघाला की शेर, अच्छेर, पावशेर, छटाक सगळं रद्द. आता किलो.

भूमच्या बाजारात एका म्हाताऱ्यानं व्यापाऱ्याला विचारलेलं मी या कानांनी ऐकलंय, "किलो म्हंजी शेराचा कोण? थोरला का धाकटा?"

"थोरला."

"मग धाकट्यानं काय घोडं मारलं होतं?"

नवा देश म्हणजे नवी वजनं, आणि वजनं कुणीतरी ओतायला हवीत. हे तुळजापूरच्या एका शाळामास्तरांच्या मनानं घेतलं. त्यांना सगळे गुरुजीच म्हणायचे. नोकरी सोडून त्यांनी परंड्याला पत्र्याची शेड उभी केली, दारावर पाटी लावली आणि पाटीखाली उभं राहून भाषण केलं. ते भाषण इतकं लांबलं की सुरू झालं तेव्हा पाटीचा रंग ओला होता आणि संपलं तेव्हा त्याचे पोपडे निघत होते. "सुई परदेशातून येते," गुरुजी म्हणाले, "ब्लेड परदेशातून येतं. पण ज्या देशाला स्वतःचं वजन स्वतः करता येत नाही, त्यानं काय करावं?" खाजाभाई हळूच म्हणाला, "जेवावं. बारा वाजले."

खाजाभाईच्या भुवया भट्टीनं कधीच खाल्ल्या होत्या. रोज सकाळी कामाला येताना तो कोळशानं नव्या काढायचा. मनःस्थितीप्रमाणं काढायचा, रागात असला की तिरक्या.

आणि आबा, माझे वडील, ते ओतकामाचे मिस्त्री. आम्ही जातीचे ओतारी. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरून बैलांच्या घाट्या आणि घुंगरं ओतायची, पाल ठोकायचं, पाल उठवायचं. माझा जन्म भूमच्या अलीकडं झाला आणि बाराव्याला आम्ही पलीकडं होतो. आमच्या घराला चाकं होती. गुरुजींनी आबांना ओतशाळेमागं एक खोली दिली, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा आमच्या घराला दार आलं. आई पहिला दिवसभर ते दार नुसतं उघडत-मिटत होती. कडी काढायची, बाहेर जायचं, आत यायचं, कडी लावायची. संध्याकाळी आत्या म्हणाली, "वैनी, बिजागरी झिजल की गं."

ते दार टिकायचं तर शिक्का हवा होता.

शिक्क्याचं असं होतं. बिडाच्या वजनाच्या पोटात बोट जाईल एवढं भोक ठेवतात. त्यात शिसं ओततात, आणि ते छिन्नीनं खरवडत खरवडत वजन बरोबर किलोला आणून बसवतात. मग सरकारी साहेब येतात, तपासतात आणि त्या मऊ शिशावर शिक्का ठोकतात. शिक्का असला तर ते वजन; नसला तर लोखंडाचा गोळा. गुरुजींना पहिला माल दाखवायची एकच संधी मिळाली होती. माल पास झाला तर परवाना पक्का. नाही झाला, तर साहेबांच्या देखत घणानं एकेक वजन फोडायचं, भट्टी थंड करायची, आणि आम्ही पुन्हा चाकांवर.

शिसं खरवडायचं काम माझ्याकडं होतं. वय असेल सतरा-अठरा. गुरुजींकडं चौथीपर्यंत शिकलेली, आणि हात इतका हलका की माशीच्या पंखावरची धूळ झटकावी आणि माशीला कळू नये. काट्यासमोर पाट टाकून मी बसायची. एका पारड्यात गुरुजींनी सोलापूरहून आणलेलं पितळेचं प्रमाण वजन, दुसऱ्यात आमचं बिडाचं काळं पोर. मधली सुई सरळ उभी राहीपर्यंत शिशाचा एकेक कीस काढत जायचं. गुरुजींनी मला एकच नियम शिकवला होता, रोज म्हणून घ्यायचे, "बाळ, केसभर जास्त असलं तर चालतं. कमी चालत नाही."

दोनशे वजनं ओतली आम्ही. नातवंडांना सांगताना मी हजार सांगते, पण भिंतीसमोर उभी राहून खोटं बोलवेना. दोनशे. नवरात्रात शेवटचा घाणा ओतला, आणि खंडेनवमी आली.

खंडेनवमीला हत्यारं पुजायची, हे मी तुम्हाला काय सांगावं. भट्टी बंद. भाता, घण, छिन्न्या, चिमटे, काटा, सगळं धुऊन चौरंगावर. खाजाभाईनं घरून अत्तराची कुपी आणली आणि भट्टीला लावली; नंतर महिनाभर धुराला हिन्याचा वास येत होता. ओळीनं मांडलेली दोनशे वजनं बघून आईला उमाळा आला. "ही काय उपाशी बसवायची व्हय?" म्हणाली आणि वाटी घेऊन बसली. प्रत्येक वजनाला हळद, तेलात कालवलेलं कुंकू आणि त्या ओल्या कुंकवात चार तांदूळ. कच्चं बीड रवाळ असतं, तहानलेलं असतं. ते तेलकुंकू प्यायलं आणि उरलेलं कपाळावर घेऊन बसलं. झेंडूचा वास, तेलाचा वास, आणि दोनशे लाल कपाळं. देश कसा असतो असं मला कुणी विचारलं तर मला अजून ते दिसतं.

आत्या लांब खांबापाशी बसली होती. ती बालविधवा. वाटीला तिनं हात लावला नाही, लावायचाही नव्हता. नुसती बघत होती.

दसऱ्याच्या मुहूर्तावर मी काट्याला बसले आणि तीन दिवसांत दोनशेच्या दोनशे खरवडून किलोला आणली. सुई अशी सरळ की तिच्यावर पागोटं ठेवावं. चौथ्या दिवशी साहेब येणार होते, कुर्डुवाडीहून सकाळच्या गाडीनं.

"आजी, दोन वाजले," समीर म्हणाला. त्यानं मला भंगारातल्या एका खुर्चीवर बसवलं होतं. तिला तीन पाय होते आणि माझे दोन, असं मिळून आम्ही उभे होतो. पत्रे काढणारा गडी लिंबाखाली विडी ओढत कोनाड्याकडं पाठ करून बसला होता.

"दोन वाजू दे," मी म्हटलं. "तेव्हाबी अशीच घड्याळाची घाई होती."

त्या सकाळी मी वजनं ओळीत मांडत होते. हातातून एक घसरलं आणि दुसऱ्यावर आपटलं. टक्‌ असा आवाज झाला आणि वरच्या वजनाच्या कपाळावरची कुंकवाची खपली, तांदळासकट, उडून माझ्या पायावर पडली. मी ती उचलली. बोटावर धरली. आणि काट्याकडं बघितलं.

ते वजन काट्यात घातलं. सुई हलली. आमचं पारडं वर गेलं.

खपली पुन्हा वजनावर ठेवली. सुई सरळ.

खपली काढली. पारडं वर.

कुंकवाला वजन असतं! आमच्या सात पिढ्यांत हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ते कपाळाला लावतात, तागडीत घालत नाहीत. मी तीन दिवस, कपाळावर कुंकू असलेली दोनशे वजनं, कुंकवासकट किलोला आणून बसवली होती. ती पुसली तर दोनशेच्या दोनशे कमी. आणि कमी चालत नाही.

वेशीकडून एसटीचा भोंगा ऐकू आला.

मी धावत आबांकडं गेले. "आबा, लई घोटाळा झालाय, वजनं हलकी हायती." सगळं सांगितलं. आबांचा चेहरा बिडाचा झाला. त्यांनी खोलीच्या दाराकडं बघितलं. आई नेमकी कडी काढून बाहेर येत होती. मग माझा दंड धरून ते इतकं हळू बोलले की मला ओठच दिसले. "पूजेचं कुंकू कुणी पुसत नसतं. साहेबबी आपल्यातलाच असंल. गप बस."

साहेब आले. मला वाटलं होतं, देशाचं वजन तपासणारा माणूस दारातून आडवा होऊन आत येईल. आला तो काडीसारखा, गळ्यात मफलर, हातात पेटी. पेटी उघडली, आत मखमलीवर पितळेचं वजन निजलेलं. आमच्या घराण्यात कुठल्याही बाळाला तशी गादी मिळाली नव्हती. साहेबांनी ओळीकडं बघितलं, दोनशे लाल कपाळं बघितली, आणि काय करावं? चपला काढल्या. हात जोडले.

आबांनी माझ्याकडं बघितलं. सांगत होतो की नाही, अशा नजरेनं.

साहेबांनी आपला काटा मांडला. ओळीतून मनाला येईल तसं एकेक वजन उचलायचं, पारड्यात ठेवायचं, आणि सुई थांबेपर्यंत श्वास धरायचा. त्यांच्याबरोबर आम्ही सगळे धरायचो. पहिलं. सुई सरळ. दुसरं. सरळ. शेडमध्ये इतकी शांतता की पत्र्यावर चालणाऱ्या चिमणीची नखं ऐकू येत होती. खाजाभाईनं त्या दिवशी भुवया उंच, कमानदार काढल्या होत्या. घामानं त्या ओघळून गालावर आल्या तरी त्यानं हात हलवला नाही. पाचवं. सहावं. माझ्या पाठीवरून घाम उतरत होता आणि प्रत्येक थेंब मला वेगळा मोजता येत होता. दहावं. सरळ.

"गुरुजी," साहेब म्हणाले, "एवढं बिनचूक काम मी आजवर पाहिलेलं नाही. कुणाचा हात?"

गुरुजींनी माझ्याकडं बोट केलं. त्यांचे डोळे भरले होते. त्यांना काही ठाऊकच नव्हतं.

साहेबांनी पेटीतून पोलादी शिक्का काढला. पहिलं वजन उलटं केलं, शिशावर शिक्का टेकवला, हातोडी उचलली.

"साहेब, थांबा," कुणीतरी म्हणालं. "त्यात कुंकूबी धरलंय."

मीच म्हणाले होते. का, ते विचारू नका. त्याची आजवर मी सात वेगवेगळी कारणं सांगितली आहेत, आणि प्रत्येक वेळी ऐकणाऱ्यानं डोळे पुसलेत. खरं कारण मला माहीत नाही. हातोडी वर होती, सुई सरळ होती, आणि सुई माझ्याकडं बघत होती.

साहेबांची हातोडी तशीच हवेत. "काय म्हणालीस?"

"कुंकू पुसलं तर कमी भरतंय साहेब. सगळी."

गुरुजींच्या तोंडातून एक शब्द निघाला नाही. त्यांच्या आयुष्यातली ती एकमेव वेळ. साहेबांनी हातोडी खाली ठेवली, ती दोनशे कपाळं बघितली, आणि म्हणाले, "पुसा."

कुणी हललं नाही.

"माझी गाडी पाचला आहे," साहेब म्हणाले. "त्याच्या आत पुसून, शिसं भरून पुन्हा बरोबर केलीत तर तपासतो. नाहीतर सगळी फोडावी लागतील. पुसा."

आईनं दोन्ही हात पाठीमागं नेले. सवाशीण बाई, आपल्या हातानं लावलेलं कुंकू आपल्या हातानं पुसायचं, तेही दोनशे कपाळांचं? शेजारच्या आळीतून दोघी बघायला आल्या होत्या, त्या पदर सावरत मागच्या मागं निघून गेल्या. आबांनी मान हलवली. वाळू चाळणारे गडी पायांकडं बघत उभे. साहेबांनी खाजाभाईकडं बघितलं.

"मैं?" खाजाभाई म्हणाला. "मैं पुसतो साब, अभी पुसतो. पण उद्या गावात काय सांगनार? खाजानं आमच्या देवाचं कुंकू पुसलं? नक्को रे बाबा. भट्टीत उडी मारायला सांगा, मारतो."

"साहेब, तुमीच पुसा की," एक गडी म्हणाला.

साहेबांचा हात खिशातल्या रुमालापर्यंत गेला आणि थांबला. "माझी बायको..." ते म्हणाले आणि पुढं बोललेच नाहीत. शिक्क्याचा साहेब, सरकारचा माणूस. पण घरी त्याचंही एक कपाळ होतं.

शेडमध्ये ऊन एक वीत पुढं सरकलं.

मग खांबापाशी हालचाल झाली. आत्या उठली. कोपऱ्यातली रॉकेलची बाटली घेतली, पदराचा कोपरा दातानं फाडला, आणि ओळीच्या तोंडाशी मांडी घालून बसली.

"आणा हिकडं," ती म्हणाली. "माझं काय पुसायचं राह्यलंय आता?"

आणि तिनं पुसायला सुरुवात केली. एक. दोन. तीन. मान वर न करता. रॉकेलचा वास, कुंकवाचा वास, आणि चिंधीचा तो ओला, घासणारा आवाज. मी आयुष्यात बरेच आवाज ऐकलेत, भट्टी फुटल्याचा ऐकलाय, बाँब पडला तर तो नेमका कसा वाजेल हेही मी सांगू शकते. पण तो आवाज मी कुणाला करून दाखवत नाही. तिचे हात मनगटापर्यंत लाल झाले, मग कोपरापर्यंत. पांढरं लुगडं गुडघ्यांवर लाल झालं. लग्नानंतर वर्षभरात ज्या बाईच्या अंगावरून तो रंग उतरवला होता, तिच्या अंगावर त्या दुपारी तो असा चढला, आणि कुणाची तिच्याकडं बघायची छाती झाली नाही.

"आरं बघत काय ऱ्हायलाव?" ती ओरडली. "शिसं कोण तापिवणार? मी?"

मग जे झालं त्याला काम म्हणत नाहीत. खाजाभाईनं शिसं वितळवलं. आबा पळीनं थेंब सोडत होते, मी काट्यावर. थेंब सोडायचा, फुंकर घालायची, पारड्यात टाकायचं, छिन्नीचा एक ओरखडा, पुढचं. आई भाता मारत होती. गुरुजी धोतर खोचून वजनं वाहत होते आणि भाषण विसरले होते. साहेब मफलर काढून माझ्या शेजारी बसले आणि मी बसवलेलं एकेक वजन तपासून शिक्का ठोकू लागले. छिन्नी, काटा, हातोडी. छिन्नी, काटा, हातोडी. बोटं पोळली, फोड आले, फुटले. चार वाजले. साडेचार. वेशीपाशी गाडी येऊन थांबली. कंडक्टर बोलवायला आला, ओळ बघितली आणि टोपी काढून शिसं फुंकायला बसला. ती गाडी आमच्यासाठी तासभर उशिरा सुटली. बघा, एसटी उशिरा सुटायची सुरुवात आमच्यामुळं झाली. त्याचा दोष मी माझ्याकडं घेते.

शेवटचा शिक्का पडला तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. साहेबांनी मोजलं. पुन्हा मोजलं.

"एकशे नव्याण्णव," ते म्हणाले. "दोनशेवं कुठं आहे?"

आत्या खांबाला टेकून बसली होती. ओच्यात काहीतरी होतं. तिनं ते दोन्ही हातांनी झाकलं.

"ह्ये न्हाय पुसणार," ती म्हणाली. "एकाचं तरी ऱ्हाऊ द्या."

"बाई, मग त्याच्यावर शिक्का बसणार नाही."

"नका बसवू."

"नियमानं ते फोडावं लागेल."

"फोडा." आणि तिनं हात बाजूला केले. वजन ओच्यात होतं, तिच्या लाल हातांच्या मधे, कपाळभर कुंकू घेऊन. घण आबांच्या हातात होता. आबा हलले नाहीत. सगळे साहेबांकडं बघत होते. एक वजन लपवलं म्हणून ते बाकीचे शिक्केही रद्द करू शकत होते. एसटीचा भोंगा वाजला. पुन्हा वाजला.

साहेबांनी कागद काढला, मांडीवर धरला आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "तपासणीस आलेली वजनं, एकशे नव्याण्णव." मग मफलर गुंडाळला, चपला घातल्या. दारातून वळून त्यांनी वाकून नमस्कार केला. वजनं तर पोत्यांत बांधून झाली होती. मग नमस्कार कुणाला केला, ते मला अजून ठाऊक नाही.

पुढं ओतशाळा चालली. आमची वजनं भूमच्या बाजारात गेली, पार माकणीपर्यंतच्या दुकानांत गेली. पंपांची टोपणं झाली, मोटेची चाकं झाली. सकाळी काकवीचा वास आणि संध्याकाळी थंड होणाऱ्या बिडाची किणकिण. माझं लग्न त्याच दारातून झालं. ओतशाळा कशी बंद पडली ते मला विचारू नका; एका वर्षी मी माहेरी आले आणि वास नव्हता, एवढंच. पण ते दोनशेवं वजन आत्यानं भिंतीत कोनाडा करून ठेवलं होतं. ती स्वतः त्याला कधी कुंकू लावत नव्हती. नुसती समोर बसायची. कुंकू, शेंदूर लावायला बाकीच्या येऊ लागल्या. परीक्षेचं पोर यायचं, कोर्टाची तारीख असलेला यायचा, मका विकायला निघालेला यायचा. आत्या गेल्यावरही येत राहिले. किलोबा म्हणायचे त्याला. हे मात्र मी रचलेलं नाही, समीरला विचारा.

"आजी, पावणेतीन," समीर म्हणाला.

मी उठले. त्यानं खाली विटा रचल्या, मी त्यांवर चढले. डॉक्टरांनी जिन्याला मनाई केली होती, विटांबद्दल ते काही बोलले नव्हते. कोनाड्यात शेंदराचा एक गोळा होता. कोपरे नाहीत, अक्षरं नाहीत, सगळं गोल झालेलं. दोन्ही हातांनी धरलं, ओढलं. हललं नाही. साठाहून जास्त दसऱ्यांनी त्याला भिंतीला धरून ठेवलं होतं.

"चल," मी म्हटलं. "पाल उठवायचंय."

करकर झाली आणि ते माझ्या हातात आलं. उलटं करून बघितलं. तळाशी शिसं होतं, गुळगुळीत, वर शिक्का नाही, आणि त्यावर छिन्नीचे तीन ओरखडे. माझे. सतरा-अठरा वर्षांच्या त्या हलक्या हाताचे.

माझे तळहात लाल झाले होते. समीरनं रॉकेलची चिंधी पुढं केली. "हात पुसा, आजी."

"राहू दे."

माझं कपाळ रिकामं झालं त्याला बरीच वर्षं झाली. ते हात मी पदराखाली घेतले.

जाताना त्याच्या दुकानात त्यानं सवयीनं ते इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवलं. हिरवे आकडे पळाले, थांबले. रस्त्यावरून जेसीबी ओतशाळेकडं गेला. दुकानातले पत्रे थरथरले, आकडे हलले, पुन्हा तिथंच येऊन थांबले.

"आजी," समीर वाकून म्हणाला, "किलोचं हाय ना हे? शंभर ग्रॅम जास्त भरतंय."

"जास्त चालतं," मी म्हटलं, आणि पिशवीचं तोंड उघडून धरलं.